रंग लावण्यापूर्वीची मशागत



गळीत हंगाम संपला की आपल्याकडे दोन कामे हमखास निघतात. एक खोडव्याची निगा आणि दुसरे घराची रंगरंगोटी. लग्नसराई तोंडावर असते, पाहुणे यायचे असतात. खोडव्याविषयी आम्ही या अंकांतून वेळोवेळी लिहीत आलो आहोत. या खेपेस रंगाविषयी लिहितो, त्याला कारण घडले.

गेल्या पंधरवड्यात खोडव्याची पाहणी करून परतताना एका सभासदांच्या घरी पाण्याला थांबलो. घरातल्या मावशींनी आम्हाला थेट स्वयंपाकघरात नेले आणि भिंतीतले लाकडी कपाट दाखवले. मागच्या मे महिन्यात रंगवलेले. दिवाळीपर्यंत दारांवरचा रंग पापडासारखा सुटला होता. मावशी म्हणाल्या, "साहेब, उसाचं समदं सांगता, ह्येचं बी जरा सांगा की. रंगाचं पैसं पाण्यात गेलं बघा."

सुटलेली एक खपली आम्ही उलटी करून पाहिली. आतली बाजू तपकिरी आणि बोटाला चिकट. म्हणजे रंग लाकडावर बसलाच नव्हता, फोडणीच्या तेलावर बसला होता. डबा चांगल्या प्रतीचा होता, रंगाऱ्याचा हातही साफ होता. चूक मशागतीत होती. पेरणीआधी रान तयार केले नाही तर बेणे कितीही भारी असो, उगवण व्हायची नाही, त्यातलाच हा प्रकार.

आम्ही रंगारी नव्हे. परंतु घरचे कपाट स्वतः दोनदा रंगवले आहे. पहिल्यांदा फसलो, दुसऱ्यांदा जमले. त्या अनुभवावरून सांगतो.

सुरुवातीला दारे उतरवा. दार आणि त्याची बिजागरी यांवर एकच आकडा घाला, नाहीतर बसवताना एकही दार आपल्या जागी लागणार नाही. मग धुणे. पुष्कळजण आधी पॉलिशपेपर मारतात, हे उलटे झाले. घासल्याने तेल निघत नाही, ते लाकडाच्या रेषांत आणखी खोल जाते. अर्धी बादली कोमट पाण्यात दोन मुठी धुण्याचा सोडा टाकून फडक्याने दार पुसा. हाताला सोडा लागतो, तेव्हा रबरी मोजे घाला. लाकूड भिजवायचे नाही, पुसायचे आहे. नंतर स्वच्छ पाण्याने दोनदा पुसा, कारण मागे राहिलेला सोडा तेलरंगाला खातो. धुतले की नाही याची परीक्षा सोपी आहे. पाण्याचे चार थेंब टाका. थेंब मण्यासारखे उभे राहिले तर तेल अजून आहे. मूठ आणि कडी यांच्या भोवती हमखास असते.

दारे सावलीत वाळवा. उन्हात एका अंगाने तापलेले दार वाकते. आपल्या सोलापूर भागात मे महिन्यात पारा ४० अंशांच्या वर असतो, वरून दार तासाभरात कोरडे दिसते. पण सांध्यात ओल राहते, म्हणून एक दिवस जाऊ द्या.

आता कोरड्या हवेची खरी गोम. लाकूड उन्हाळ्यात आडव्या अंगाने आकसते, लांबीत जवळजवळ नाही. त्यामुळे मे महिन्यात चौकटीतली फळी सैल होते आणि फटी दिसतात. रंगारी त्या फटी लांबीने गच्च भरतो. कपाट तेव्हा छान दिसते. पुढे पावसाळ्यात फळी फुगते, लांबी बाहेर फेकली जाते आणि दार चौकटीत अडकते. आमची पहिली फसगत हीच. लांबी खिळ्यांच्या भोकांत आणि खोक पडलेल्या जागी भरा, फळीच्या सांध्यात भरू नका. दुसरे असे की कोरडे लाकूड तेल पिते. उघड्या लाकडावर सरळ लांबी भरली तर त्यातले बेलतेल लाकडात जाते आणि मागे नुसता खडू राहतो, तो गळतो. म्हणून आधी प्रायमरचा एक हात, मग लांबी, मग घासणे, मग पुन्हा प्रायमर. प्रायमर दाराच्या मागच्या अंगाला, आणि वरच्या-खालच्या कडांनाही लावा. त्या कडा कोणी पाहत नाही, पण हवेतील ओल तेथूनच आत शिरते.

घासण्यासाठी जुना रंग खडबडीत असेल तर १२० नंबर, शेवटी २२० नंबर पुरतो. रेषेच्या दिशेने घासा. जुना रंग घट्ट असेल तर तो सगळा काढायची गरज नाही, चकाकी मोडली म्हणजे झाले. सनमायका असेल तर हाच नियम, मात्र त्यासाठीचा वेगळा प्रायमर दुकानात मागून घ्या. भिंतीला टेकलेली बाजू ठोकून पाहा. पोकळ आवाज आला तर वाळवी आहे, तिचा बंदोबस्त आधी.

येथे एक गोष्ट कळकळीने सांगायची आहे. जुन्या तेलरंगांत शिसे असू शकते. आपल्या देशात घरगुती रंगात शिसे ९० पीपीएमपेक्षा, म्हणजे दहा लाख भागांत ९० भागांपेक्षा, जास्त असू नये हा नियम नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाला. त्याआधीचा रंग असेल तर कोरडा घासू नका, दिव्याने जाळून तर मुळीच काढू नका. वॉटरपेपर पाण्यात बुडवून घासा. लहान मुले आणि गरोदर बाई त्या खोलीत नको, कारण शिशाची धूळ मुलांच्या मेंदूला अपाय करते. खपल्या उकिरड्यावर किंवा गोठ्याजवळ टाकू नका, जनावरे चाटतात आणि दगावतात. कागदावर गोळा करून पिशवीत बांधा.

दुसरा धोका आमच्याच घरी घडता घडता राहिला. बेलतेलाची फडकी चुरगळून पत्र्याच्या डब्यात ठेवली होती. दुपारी करपट वास आला. डबा उघडला तर आत धूर. बेलतेल वाळताना स्वतः उष्णता सोडते, आणि फडक्यांच्या गोळ्यातून ती बाहेर पडत नाही. जवळच पाचटाचा ढीग असता तर काय झाले असते, हे सभासदांना सांगायला नको. फडकी पाण्यात बुडवून ठेवा किंवा मोकळ्या जागी एकेक पसरून वाळवा.

प्रायमरचा हात सकाळी नऊच्या आत मारा. भर दुपारी वरची साय चटकन धरते, आतला ओलावा तसाच राहतो आणि फोड येतात. वावटळीची धूळ असतेच. आदल्या संध्याकाळी जमिनीवर पाणी शिंपडा, आणि हात मारण्यापूर्वी ओलसर फडक्याने दार पुसून ते सुकू द्या. ब्रश जड चालतो म्हणून टर्पेंटाईन ओतत बसू नका, पातळ हात अंगच धरत नाही.

मावशींची दारे परवाच उतरली. सोड्याच्या पाण्याचा रंग पाहून त्या म्हणाल्या, "आगं बया, हे तर चहावानी झालं." चार बादल्या लागल्या. पाचवीचे पाणी स्वच्छ निघाले, तेव्हा दारे ओसरीत सावलीला लावली.