जागवणारे गळे

रमजानमध्ये पहाटे चारच्या सुमाराला आमच्या पेठेतून पोरांचा एक जथा गात जातो. सहरीसाठी, म्हणजे रोजा सुरू होण्याआधीच्या जेवणासाठी, लोकांना उठवणं हे त्यांचं काम. आम्ही त्याला काफिला म्हणतो. शेजारच्या गल्ल्यांतल्या हिंदू, जैन, ख्रिस्ती वाचकांनीही हे सूर अर्धवट झोपेत ऐकले असतील. काहींनी कूस बदलताना मनातल्या मनात दोन शब्द सुनावलेही असतील. तेव्हा ही पोरं कोण, काय गातात आणि जमलेल्या पैशांचं काय करतात, हे एकदा सांगायला हवं.

प्रथा जुनी आहे. कैरोत ‘मुसहराती’ हातातल्या छोट्या ढोलकावर थाप देत घरोघरच्या माणसांना नावानिशी हाका मारत फिरे. जुन्या ढाक्यात तरुणांच्या टोळ्या उर्दू-फारसी कसीदे गात निघत. बगदादमधली गोष्ट तर आठशे वर्षांपूर्वीची. खलिफा अन-नासिरला सहरीसाठी जागवायला इब्न नुक्ता नावाचा गायक होता. त्या गाण्यांच्या प्रकाराचं नावच ‘कूमा’ पडलं. कूमा म्हणजे उठा. हा इब्न नुक्ता वारला. त्याचा मुलगाही चांगला गात असे आणि बापाची नेमणूक आपल्याला मिळावी, अशी त्याची इच्छा होती. पण खलिफापर्यंत पोचायचं कसं? त्यानं रमजानची वाट पाहिली, बापाचे साथीदार गोळा केले आणि महालाखाली उभं राहून गाण्यातूनच वडील गेल्याची खबर दिली. खलिफानं त्याला बापाच्या दुप्पट बांधून दिलं, असं सांगतात.

आपल्याकडच्या गावांत हे काम बहुधा फकिरांचं. हातात कंदील, खांद्यावर झोळी, आणि ईदच्या दिवशी प्रत्येक घरातून मिळणारी ईदी. आमच्या पेठेतही एक फकीरबाबा होते, आहेत. गुडघे गेले तसं त्यांचं फिरणं थांबलं आणि त्यांच्या जागी ही पंधरा-सोळा मुलं आली. बहुतेक अकरावी-बारावीची, दोघं गॅरेजमध्ये कामाला, एक माझ्याच वर्गात मागच्या बाकावर बसणारा. वर्गात त्याचा आवाज मी कधी ऐकलेला नाही. पहाटे मात्र ओळ उचलतो तो तोच. बाकीचे ती झेलतात.

सुरुवातीच्या दिवसांत हम्द आणि नात, म्हणजे अल्लाहची स्तुती आणि पैगंबरांचं गुणगान. शेवटच्या दहा दिवसांत, आखरी अशऱ्यात, रमजानला निरोप देणारी ‘अलविदा’ची गाणी. चाली कधी कधी थेट सिनेमाच्या असतात आणि त्या ओळखू आल्या की माझ्या कपाळाला आठी पडते. पण ढाक्याच्या कसीदेवाल्यांनीही सिनेमाच्या चाली सोडल्या नव्हत्या, तर आमच्या पोरांना काय बोलणार! तालीम तरावीहच्या नमाजनंतर होते. रोज्यात दिवसभर कोरड पडलेल्या घशानं दुपारी गाणार कोण?

वाद्य एकही नाही. हे थोडं गमतीचं आहे. अनेक उलमांना वाद्यं मंजूर नाहीत, फार तर डफ चालतो. आणि देशाचा ध्वनिप्रदूषणाचा नियम २००० सालचा. रात्री दहा ते सकाळी सहा लाउडस्पीकर बंद. पुढे २०१० च्या दुरुस्तीनं त्यात उघड्यावरची वाद्यंही आली. मौलाना आणि सरकार क्वचितच असे एका मुक्कामाला पोचतात! उरतो तो नुसता गळा. त्यामुळे झालं असं की पोरांना एकमेकांचं ऐकून गावं लागतं. कोणी चढा सूर लावला की सगळ्यांचं बिघडतं. लाउडस्पीकर होता तेव्हा हे कळतच नसे.

आता खरा प्रश्न. प्रत्येक उशीखाली मोबाइल आहे, त्यात गजर आहे, मशिदीच्या वेळापत्रकाचं अॅपही आहे. मग उठवायला माणूस कशाला? हा प्रश्न मला एका सहकाऱ्यानं विचारला तेव्हा चटकन उत्तर देता आलं नाही. उत्तर पोरांकडे होतं. पहाटे गल्लीतून जाताना कोणत्या स्वयंपाकघरात दिवा लागला आणि कोणत्या नाही, हे त्यांना दिसतं. तीन दिवस एका घरात दिवा नाही, तर चौकशी होते. कधी माणसं गावाला गेलेली असतात. कधी घरातला कमावता आजारी असतो आणि बाकीचे पाण्यावर रोजा धरत असतात. अशी घरं हात पसरत नाहीत.

या घरांसाठी काफिला पैसे उभे करतो. कुठे महिलांची इफ्तार, कुठे एखाद्या वाचनालयाचा ईद-मिलन कार्यक्रम, कुठे नातिया मुशायऱ्याआधीचा अर्धा तास. बिदागी थोडीच असते. ती जकात नव्हे, तो सदका. हा फरक महत्त्वाचा. जकात म्हणजे वर्षभर साठून राहिलेल्या संपत्तीवरचा अडीच टक्के वाटा. तो कोणाला द्यायचा ते ठरलेलं आहे आणि बहुतेक उलमांच्या मते तो मुस्लिम गरजूंनाच जातो. ऐच्छिक सदक्याला ही अट नाही. म्हणून डायलिसिसला जाणाऱ्या मागच्या गल्लीतल्या एका शिंपीकाकांचं रिक्षाभाडं या पैशांतून निघू शकतं. ते कोणत्या धर्माचे, हे इथं लिहिण्याची गरज वाटत नाही.

अडचण आहे ती वेगळीच. गाणं मोठ्यानं गायचं असतं आणि दान गुपचूप द्यायचं असतं. कुरआनात गुप्त दान अधिक चांगलं म्हटलं आहे. उजव्या हातानं दिलेलं डाव्या हातालाही कळू नये, अशी हदीस आहे. काफिल्याचा नियम असा की घेणाऱ्याचं नाव दोघांपलीकडे जात नाही आणि फोटो तर नाहीच. मागच्या रमजानमध्ये एका होतकरू पुढाऱ्यानं आपल्या इफ्तार पार्टीत गायला बोलावलं. रक्कम घसघशीत होती. अट एवढीच की मदतीची पाकिटं त्याच मंचावर, त्याच्या फलकाखाली, त्याच्या हातून वाटायची. पोरांत दोन तट पडले. गॅरेजवाला म्हणाला, “फोटोनं पोट दुखतं का कोणाचं? पैसे तर मिळतील.” मला विचारलं असतं तर मीही कदाचित हेच म्हणालो असतो, कारण त्या रकमेत चार घरांचा महिना निघाला असता. अखेर त्यांनी कळवलं: गायला येतो, पाकिटं मंचावर आणणार नाही. त्यानंतर निरोप आला नाही. त्या चार घरांना थोडं थोडं कमी मिळालं.

मुलींचं सांगायचं राहिलं. पहाटेच्या फेरीत त्या नसतात. पण घरोघरच्या मिलादमध्ये बायकांच्या बैठकीत नात गाणं ही आपल्याकडची जुनी रीत, आणि तिथं ऐकलेले काही आवाज काफिल्यातल्या कोणत्याही मुलाहून सरस आहेत. त्यांच्या बैठकीचे पैसेही याच डब्यात येतात. सभागृहात मात्र त्यांनी गावं की नाही, यावर मोठ्यांचा घोळ अजून मिटलेला नाही. मिटेपर्यंत त्यांची लग्नं होऊन जातील, हे मोठ्यांना कोणीतरी सांगायला हवं.

परीक्षेच्या दिवसांत एका जोशीवहिनींनी विनंती केली की मुलाची दहावी आहे, आमच्या घरापुढून गाऊ नका. काफिला तिथून मुकाट्यानं जाऊ लागला. चौथ्या दिवशी वहिनी पुन्हा आल्या: गजर बंद करून झोपतो हो तो, तेवढं चारला उठवून जा.

सध्या फित्र्याची घाई आहे. घरातल्या प्रत्येक माणसामागे सुमारे पावणेदोन ते दोन किलो गहू किंवा तेवढी किंमत, आणि ती ईदच्या नमाजआधी गरजूच्या हातात पडली पाहिजे, म्हणजे त्याच्या घरीही ईद होते. एकोणतिसाव्या रोज्याला चंद्र दिसला तर हातात एकच रात्र. त्या रात्री पोरं गात नाहीत, नुसती पळत असतात.

ईदी येते ती त्यानंतर, ईदच्या दिवशी. ती जमवायला निघण्याआधी काफिला फकीरबाबांच्या खोलीवर जातो. जमणाऱ्या ईदीतला पहिला हिस्सा त्यांचा, तो आगाऊ काढून ठेवलेला असतो. मुलं त्याला मदत म्हणत नाहीत, हक म्हणतात. गल्ल्या त्यांच्या होत्या. बाबा पैसे दोनदा मोजून घेतात. मग सत्ताविसाव्या रात्री कोणाचा उच्चार कुठल्या ओळीत चुकला, ते अंथरुणात पडून ऐकलेलं, नावानिशी सांगतात.