युबा नदीचा गाळ आणि न्यायमूर्ती सॉयर

एकोणिसाव्या शतकातील अमेरिकन संघीय न्यायाधीशांचा विषय निघाला की आमचे लेखकबंधू तडक फोर्ट स्मिथ गाठतात आणि आयझॅक पार्करच्या वधस्तंभावर पानेच्या पाने खर्ची घालतात. ज्याच्या हुकमाने 79 जण फासावर गेले त्या पार्करला दुरूनच रामराम. माझा माणूस सॅन फ्रान्सिस्कोचा लोरेन्झो सॉयर. 1820 साली न्यूयॉर्क राज्यात जन्म, 1850 साली सोन्याच्या ओढीने खुष्कीच्या वाटेने कॅलिफोर्नियात आगमन, खाणीत अल्पकाळ मेहनत, मग वकिली, राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाचे मुख्य न्यायाधीशपद, आणि 1870 पासून 1891 साली मृत्यू येईपर्यंत संघीय मंडल न्यायालयाचे न्यायासन, एवढे चरित्र पुरे.

त्याची खरी थोरवी वुड्रफच्या दाव्यात आहे. सिएरा नेवाडाच्या डोंगरांवर कालव्यांनी आणलेले पाणी लोखंडी तोट्यांतून प्रचंड दाबाने सोडून खाणवाले कडेच्या कडे धुऊन काढीत, सोने ठेवून घेत, आणि उरलेली दगडमाती युबा नदीत लोटून देत. त्यामुळे पात्र इतके उथळ झाले की बांधाआड जगणाऱ्या मेरिसव्हिल शहरात 1875 च्या जानेवारीत पूर शिरला. तेथील मालमत्तेचा धनी एडवर्ड्स वुड्रफ याने 1882 साली नॉर्थ ब्लूमफील्ड कंपनीवर फिर्याद गुदरली, तेव्हा कंपनीची कैफियत अशी की ही वर्षानुवर्षांची वहिवाट असून कायद्यानेही तिला उत्तेजन दिले आहे. सॉयरने केवळ जबान्यांवर विसंबून न राहता खाणींपासून खालच्या मैदानापर्यंत स्वतः पाहणी केली, आणि 7 जानेवारी 1884 रोजी कायमचा मनाईहुकूम देताना बजावले की सार्वजनिक उपद्रवाचा हक्क वहिवाटीने कोणालाही प्राप्त होत नाही.

अलीकडे काही विद्वान त्याला निसर्गरक्षणाचा आद्य प्रवर्तक ठरवू पाहतात, ते मला मान्य नाही. त्याने तोलले ते शेतकऱ्याचे शेत, शहराची सुरक्षितता आणि नदीतील नौकानयन. हत्यार म्हणून वापरला तो उपद्रवाचा जुनापुराणा इंग्रजी कायदा. स्वतः कधी काळी सोने शोधायला आलेल्या माणसाने हे करावे, यातच त्याचे मोठेपण आहे. आमच्या वकिलीच्या उमेदवारीत जमिनीच्या तंट्यात जागेवर जाऊन पाहणारा एखादा मुन्सफ तरी भेटे. आता अमीनाचा अहवाल आणि प्रतिज्ञापत्रांची चळत पुरते.

शेरॉन घटस्फोटाच्या खटल्यातील बाईने 1888 साली आगगाडीत त्याचे केस ओढले, ही हकिकत ज्यांना खमंग वाटते त्यांनी ती खुशाल चघळावी. मला अधिक बोचते ते 1886 चे वो ली प्रकरण. लाकडी इमारतींतील धोबीखान्यांचे परवाने सॅन फ्रान्सिस्कोत चिन्यांना सर्रास नाकारले जात होते. त्यातला पक्षपात सॉयरने ओळखला, लिहूनही ठेवला, पण राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाचा निर्णय आड येताच अर्जदाराला सोडण्याचे त्याने टाळले. ते काम त्याच वर्षी वॉशिंग्टनच्या सर्वोच्च न्यायालयाने केले.