विश्लेषण : व्हिडीओ गेमचा छंद आणि रोजचे जगणे… साम्य कशात, फरक कुठे?

‘जेवायला ये’ अशी हाक येते आणि आतल्या खोलीतून ‘दोन मिनिटं!’ असे उत्तर मिळते. ही दोन मिनिटे संपता संपत नाहीत आणि वादाला तोंड फुटते. व्हिडीओ गेम म्हणजे वेळेचा अपव्यय, असे बहुतेक पालकांचे मत. तर ‘यातून आम्ही बरेच काही शिकतो’ असा खेळणाऱ्यांचा दावा. हा छंद आता शाळकरी मुलांपुरता राहिलेला नाही. नोकरी करणारे, संसार सांभाळणारेही रात्री तासभर खेळतात. खेळ आणि जगणे यांच्यात खरेच काही नाते आहे का आणि ते कुठे तुटते, याचा हा आढावा.

खेळातून जगणे दाखवण्याची कल्पना नवी आहे का?

अजिबात नाही. महाराष्ट्रात संत ज्ञानेश्वरांच्या नावाशी परंपरेने जोडला जाणारा ‘मोक्षपट’ हे त्याचे जुने उदाहरण. आजच्या सापशिडीचे हे पूर्वरूप. त्यात शिडी म्हणजे सद्गुण, साप म्हणजे दुर्गुण आणि शेवटचे घर म्हणजे मोक्ष. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस हा खेळ इंग्लंडमध्ये पोहोचला आणि पुढे त्यातील अध्यात्म गळून निव्वळ करमणूक उरली. मात्र मोक्षपटात खेळणाऱ्याच्या हाती फारसे काही नसते. दान पडेल तसे पुढे सरकायचे. व्हिडीओ गेममध्ये निर्णय खेळणाऱ्याचा असतो आणि त्याचा परिणाम लगेच समोर दिसतो. जगण्याशी असलेले त्याचे साम्य इथून सुरू होते.

हे साम्य नेमके कोणते?

‘स्टारड्यू व्हॅली’ हा शेतीवरचा लोकप्रिय गेम पाहू. अमेरिकेतील एरिक बॅरोन या तरुणाने साडेचार वर्षे खपून तो एकट्याने तयार केला. प्रोग्रामिंग, चित्रे, संगीत सारे त्याचेच. २०१६ मध्ये हा गेम बाजारात आला. शहरातील नोकरीला कंटाळलेला नायक आजोबांच्या पडीक शेतावर येतो, एवढीच त्याची कथा. सकाळी सहाला दिवस सुरू होतो. नांगरणी, पाणी देणे, झाड तोडणे अशा प्रत्येक कामाला ऊर्जा खर्च होते आणि ती मर्यादित असते. रात्री दोनपर्यंत झोपला नाही, तर नायक जागेवरच कोसळतो. प्रत्येक ऋतू २८ दिवसांचा. ऋतू बदलला की त्या हंगामापुरतीच येणारी पिके मरतात. म्हणजे २५व्या दिवशी आठ दिवसांचे पीक लावले, तर बियाण्याचे पैसे पाण्यात.

वेळ, पैसा आणि अंगातली ताकद या तिन्ही गोष्टी अपुऱ्या असताना आधी काय करायचे, हा प्रश्न इथे रोज सोडवावा लागतो. पगाराच्या आकड्यात महिना बसवणाऱ्या कुणालाही तो ओळखीचा वाटेल. शिवाय आज पेरले की आजच उगवत नाही, हेही खेळणाऱ्याला मान्य करावे लागते.

अपयशाबद्दल गेम काय सांगतात?

जपानच्या फ्रॉमसॉफ्टवेअर कंपनीचा २०११ मधील ‘डार्क सोल्स’ हा गेम अवघडपणासाठीच प्रसिद्ध आहे. यात खेळणारा वारंवार मरतो. मरताना त्याची जवळपास सारी कमाई त्या जागी सांडते. ती परत मिळवण्याची एक संधी मिळते. तिथे पोहोचण्याआधी पुन्हा मेला, तर कमाई कायमची गेली. त्यामुळे मागच्या वेळी कुठे चुकलो, शत्रू कोणत्या बाजूने वार करतो, हे लक्षात ठेवून पुढे जावे लागते. हरणे ही इथे शिक्षेपेक्षा माहिती ठरते. परीक्षेतील एका नापास शेऱ्याने खचणाऱ्या मुलाने याच गेममध्ये एका शत्रूसमोर ४० वेळा हरून ४१व्यांदा उभे राहावे, हा विरोधाभास म्हणूनच विचार करायला लावतो.

खेळातली माणसे खऱ्यासारखी वागतात का?

याचे उत्तर सप्टेंबर २००५ मध्ये ‘वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट’ या ऑनलाइन गेमने दिले. एका बलाढ्य शत्रूशी लढताना पात्रांना संसर्गाची बाधा होई. ती त्या लढाईपुरतीच राहावी, अशी योजना होती. पण पात्रांच्या पाळीव प्राण्यांमार्फत हा संसर्ग गेममधील शहरांत पोहोचला आणि कमकुवत पात्रे पटापट मरू लागली. काही खेळाडू इतरांवर उपचार करायला धावले, काही शहर सोडून पळाले, काही कुतूहलापोटी बघायला गेले, तर काहींनी मुद्दाम संसर्ग पसरवला. अखेर कंपनीला सर्व्हर नव्याने सुरू करावे लागले. २००७ मध्ये साथरोगतज्ज्ञांनी ‘लॅन्सेट इन्फेक्शियस डिसीजेस’ या नियतकालिकात या घटनेचा अभ्यास मांडला. साथीत माणसे कशी वागतात, याचा अंदाज अशा आभासी जगातून घेता येईल का, हा त्यांचा प्रश्न होता. २०२० मध्ये करोनाची साथ आल्यावर त्या अभ्यासाची पुन्हा आठवण निघाली.

मग फरक कुठे आहे?

फरक मोबदल्यात आहे. बहुतेक गेम खेळणाऱ्याशी एक अलिखित करार करतात. मेहनत केली की फळ मिळेल आणि ते दिसेल. गुण वाढतात, लेव्हल बदलते, पुढचे दार उघडते. नियम सर्वांना सारखे असतात आणि चुकले तर सेव्ह केलेल्या जागेपासून पुन्हा सुरुवात करता येते. जगणे असा शब्द देत नाही. वर्षानुवर्षे अभ्यास करूनही स्पर्धा परीक्षेत नाव यादीत येत नाही. पीक उत्तम आले तरी भाव पडतो. सुरुवातीची परिस्थितीही सर्वांची सारखी नसते. जगण्यात थोडी मेहनत असते आणि मोक्षपटासारखे थोडे दानही असते.

गेम दिलासा देतो, तो या कराराच्या भरवशामुळेच. दिवसभर ऑफिसात कष्टाची दखल घेतली गेली नाही, तरी रात्री तासभर ती घेतली जाते. पण धोकाही तिथेच आहे. ज्याला बाहेर कुठेच यश दिसत नाही, त्याला हमखास फळ देणारी जागा सोडवत नाही.

छंद, व्यसन आणि जुगार यांतील सीमारेषा कोणती?

जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये मंजूर केलेल्या आणि जानेवारी २०२२ पासून लागू झालेल्या आजारांच्या वर्गीकरणात गेमिंगच्या विकाराचा समावेश आहे. त्याचे निकष तीन. खेळण्यावर ताबा न राहणे, इतर कामांपेक्षा खेळालाच वाढते प्राधान्य देणे आणि नुकसान दिसत असूनही खेळत राहणे. शिक्षण, काम, नातेसंबंध यांवर गंभीर परिणाम व्हावा आणि हे साधारण १२ महिने टिकावे, अशी अटही आहे. म्हणजे केवळ तास मोजून निदान होत नाही. खेळणाऱ्यांपैकी थोड्याच लोकांना हा विकार होतो, असेही संघटना सांगते.

जुगाराचा प्रश्न वेगळा आहे. त्यात कौशल्य वाढण्याऐवजी पुढच्या डावाची आशा वाढवली जाते. भारतात ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने मंजूर केलेल्या ऑनलाइन गेमिंग कायद्याने पैसे लावून खेळल्या जाणाऱ्या गेमवर बंदीची तरतूद केली आणि ई-स्पोर्ट्स व करमणुकीचे गेम यांना वेगळे स्थान दिले. मात्र करमणुकीच्या अनेक गेममध्येही पैसे देऊन बंद पेटी घ्यायची आणि आत काय निघते ते नशिबावर सोडायचे, असा प्रकार चालतो. बेल्जियमने २०१८ मध्ये अशा काही पेट्या जुगारात मोडतात, असा निर्णय दिला. त्यामुळे मूल कोणता गेम खेळते, याइतकेच तो पैसे कशासाठी मागतो, हेही पाहायला हवे.

घरात काय करता येईल?

आधी ‘दोन मिनिटां’चा अर्थ समजून घेता येईल. ‘स्टारड्यू व्हॅली’च्या मूळ रचनेत नायक झोपल्यावरच गेम सेव्ह होतो आणि तिथला पूर्ण दिवस साधारण १४ मिनिटांचा असतो. ऑनलाइन सांघिक सामना तर मध्येच थांबवता येत नाही. सोडला तर साथीदार अडचणीत येतात. ‘आत्ताच बंद कर’ऐवजी ‘हा सामना संपला की ऊठ, पुढचा सुरू करू नकोस’ हा नियम म्हणूनच पाळला जाण्याची शक्यता अधिक. ठरलेल्या वेळी उठता येणे हीच छंद ताब्यात असल्याची खूण.

दुसरे म्हणजे ‘काय खेळतोस, कुठे अडलास?’ असे विचारणे. ४० वेळा हरूनही न थकणाऱ्या मुलाकडे चिकाटी आहे, हे त्यातून कळते. ती गणितात किंवा मैदानावर का दिसत नाही, हा खरा प्रश्न. तिथे चूक लगेच कळते का, पुन्हा प्रयत्न करायची मुभा मिळते का, छोट्या प्रगतीची कुणी दखल घेते का, हे तपासणे मोठ्यांच्या हातात आहे. फळाची हमी नसतानाही पुन्हा उभे राहणे मात्र कोणताही गेम शिकवू शकत नाही. ते घरी आणि शाळेतच शिकावे लागते.