ट्रकची गिअरपेटी बदलताना : ओढ, उतार आणि हिशेब



या पानावर आम्ही एरवी बेणे, लागण, खते आणि खोडवा यांविषयी लिहितो. या वेळी विषय थोडा वेगळा आहे. ऊस कितीही चांगला पिकवला तरी तो वेळेत गव्हाणीत पडला नाही तर त्यातले वजनही जाते आणि साखरही जाते. तोडलेला ऊस शक्यतो चोवीस तासांच्या आत गाळला जावा, हे आपण दरवर्षी सांगतो. पण तो कारखान्यापर्यंत आणणारी गाडीच वाटेत बसली, तर सांगून काय उपयोग? ताकारी आणि टेंभू योजनांचे पाणी आल्यापासून कडेगाव भागात ऊस वाढला, तशी वाहतुकीची वाहनेही वाढली. त्यांतली बरीच जुनी आहेत आणि बरीच आपल्या सभासदांचीच आहेत. म्हणून हा लेख.

घडले ते असे

गेल्या हंगामात आमच्या गटातले एक वयस्क सभासद गट कार्यालयात आले. नाव लिहीत नाही, सगळे त्यांना आबा म्हणतात. त्यांचा जुना डिझेल ट्रक आहे. मागे ट्रेलर जोडून ते ऊस ओढतात. ट्रेलरची नोंद वेगळी केलेली आहे, कागद चोख आहेत. ते म्हणाले, "साहेब, तिसरा गिअर सुटतोय. ड्रायव्हर लिव्हरला ट्यूबची पट्टी बांधून चालवतोय. पेटी उतरवू का हंगाम होऊ द्या म्हंता?"

त्या आठवड्यात टोळ्या कमी पडल्या होत्या. तोडीच्या चिठ्ठ्या आधीच दिलेल्या, चिटबॉय रोज ओरडत होता. आम्ही म्हणालो, "आबा, एवढ्या चार खेपा होऊ द्या, मग उतरवा." आज लिहिताना ते वाक्य आमच्याच अंगावर येते.

तिसऱ्या खेपेला सुर्ली घाट उतरताना तिसरा गिअर सुटला. गाडी न्यूट्रलमध्ये गेली, वेग वाढला, ब्रेकचे ड्रम तापले आणि पायाखालचा ब्रेक हलका पडला. ड्रायव्हर जुना माणूस. त्याने हँडब्रेक ओढत गाडी डोंगराच्या अंगाला चारीत घातली. ट्रेलर आडवा झाला, मोळ्या रस्त्यावर पसरल्या. त्या मोळ्यांवर तोडणीच्या टोळीतली एक बाई पोर घेऊन बसली होती. दोघेही खरचटण्यावर निभावले. देवाची कृपा म्हणायची, आमची हुशारी त्यात काडीची नव्हती.

दुसऱ्या दिवशी आबा परत आले, आणि मग प्रश्न निघाला : आता पेटी कुठली बसवायची? जुनीच दुरुस्त करायची, मोठ्या गाडीची आणायची, की सहा गिअरची? आम्ही शेतकी पदविकावाले, फिटर नव्हे. पण दोन मिस्त्री, एक निवृत्त वर्कशॉप फोरमन आणि कागद-पेन्सिल घेऊन बसलो. त्यातून जे कळले ते सर्वांच्या उपयोगाचे आहे.

गिअरपेटी करते काय?

गुऱ्हाळावर इंजिनाची पुली लहान आणि चरकाची मोठी असते. वेग कमी होतो, पण जोर वाढतो. गिअरपेटी हेच काम करते, फक्त पुल्यांच्या चार-पाच जोड्या एका डब्यात असतात. त्यापुढे मागच्या हौसिंगमध्ये क्राऊन-पिनियन आणखी एकदा वेग कमी करून जोर वाढवते. म्हणजे ओढ ही एकट्या पेटीवर नसते. ती पेटी आणि क्राऊन या दोघांच्या गुणाकारावर असते. पुष्कळ लोक इथेच चुकतात. पेटीमागे धावतात आणि क्राऊनचे दात मोजतच नाहीत.

आबांच्या गाडीत क्राऊनला ४१ आणि पिनियनला ७ दात निघाले. म्हणजे प्रमाण ५.८६. ही मांडणी सडकेवर पळण्यासाठी बरी. ट्रेलर ओढणाऱ्या गाडीला ४१ ला ६, म्हणजे ६.८३ बरे पडते. फरक एका दाताचा, पण प्रत्येक गिअरमध्ये ओढ सुमारे १७ टक्क्यांनी वाढते.

हिशेब करून पाहा. जुन्या इंजिनाचा पीळ ३५ किलोग्रॅम-मीटर, पहिला गिअर ७ पट, चाकाची त्रिज्या अर्ध्या मीटरला थोडी कमी, म्हणजे ४९ सेंटीमीटर, आणि दात-बेअरिंगांत दहा टक्के जोर जातो असे धरू. मग ४१/७ च्या क्राऊनवर जमिनीवर सुमारे २,६४० किलो ओढ मिळते आणि ४१/६ वर सुमारे ३,०७० किलो.

आता गरज किती? गाडी, ट्रेलर आणि ऊस मिळून २२ टन धरू. भुसभुशीत पाणंदीत चाक फिरवायलाच वजनाच्या दहा टक्के जोर लागतो असे धरले, तर झाले २,२०० किलो. त्यात तीसला एक असा चढ असला तर आणखी ७३० किलो. एकूण २,९३०. पहिल्या मांडणीत गाडी जागेवरून हलत नाही. ड्रायव्हर क्लच अर्धवट दाबून रेस वाढवतो, क्लच प्लेट जळते, पेटीला झटके बसतात आणि शेवटी सिंक्रोचे कोन आणि दातांच्या कडा झिजतात. दुसऱ्या मांडणीत तीच गाडी निमूट निघते. दरवर्षी क्लच प्लेट का जाते, याचे उत्तर आबांना कागदावर मिळाले.

याची किंमत वेगात मोजावी लागते. इंजिन २,४०० फेऱ्यांवर असताना टॉप गिअरमध्ये ताशी ७६ किलोमीटरऐवजी साधारण ६५ मिळतील. उसाचा ट्रेलर जोडून ६५ च्या वर जायचे कुणाला आहे?

समोर असलेले मार्ग

*१. आहे तीच पेटी पूर्ण खोलून दुरुस्त करणे.* बेअरिंगे, सिंक्रो, फोर्क, झिजलेला गिअरचा जोड आणि सील नवे टाकायचे. बाकी गाडीत काही कापाकापी नाही. सुटे भाग मिळत असतील तर पहिला विचार याचाच करावा. मात्र "नुसता तिसरा बदला" म्हणून अर्धे काम करू नये. गिअर सुटतो त्यात दातांइतकाच फोर्कचा, स्प्रिंग-गोळीचा आणि बेअरिंगच्या ढिलाईचाही दोष असतो.

*२. मोठ्या गाडीची पाच गिअरची पेटी.* जड पीळ सोसणारी पेटी मिळते हा फायदा. पण ती बसते का हे आधी पाहावे. बेल हौसिंगची भोके जुळतात का? इनपुट शाफ्टच्या खाचा आणि क्लच प्लेट एक आहेत का? फ्लायव्हीलमधले पायलट बेअरिंग? पेटीची लांबी बदलली की प्रोपेलर शाफ्ट कापून किंवा वाढवून बॅलन्स करून घ्यावा लागतो, नाहीतर क्रॉस महिन्याभरात बोलू लागतात. क्रॉस मेंबर, लिव्हरचे भोक, स्पीडोमीटरची केबल ही फुटकळ कामे वेगळी. पेटी स्वस्त मिळते आणि बसवण्यात दुप्पट जातात, असा अनुभव आहे.

*३. सहा गिअरची पेटी.* काही सहा गिअरच्या पेट्यांत शेवटचा गिअर ओव्हरड्राइव्हचा असतो, म्हणजे इंजिनापेक्षा शाफ्ट जास्त फिरतो. रिकाम्या परतीत डिझेल वाचते. पण भरलेला ट्रेलर मागे असताना त्या गिअरला हात लावायचा नाही. लांब पल्ल्याच्या गाडीला हे ठीक. पंधरा-वीस किलोमीटरच्या उसाच्या खेपेला तो खर्च निघत नाही.

*४. आपोआप बदलणारी पेटी.* अमेरिकेत शेतकरी डिझेल पिकअपमागे गुरांचे ट्रेलर ओढतात, त्यांत अशा पेट्या सर्रास असतात. तिथला मोठा शत्रू उष्णता. ओढकामात पेटीतले तेल तापते, म्हणून वेगळा कूलर लावतात. आपल्या जुन्या ट्रकला या वाटेला जायचे कारण नाही.

जुन्या बाजारातून पेटी घेताना

तेल काढून त्यात लोहचुंबक फिरवावा. बारीक राखेसारखा चुरा चालतो, कण किंवा तुकडे निघाले तर हात जोडून परत यावे. वरचे झाकण उघडून प्रत्येक दाताची कड पाहावी. इनपुट शाफ्ट हाताने वर-खाली हलवून पाहावा. पावती घ्यावी आणि पेटी कोणत्या गाडीतून निघाली ते त्यावर लिहून घ्यावे. तेल गाडीच्या पुस्तकात सांगितलेल्या ग्रेडचेच भरावे. "जाड घाला, आवाज येत नाही" हा सल्ला ऐकू नये. आवाज दबतो, झीज दबत नाही.

आणखी एक. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे नोंदणी पुस्तकातील तपशिलाशी न जुळणारा बदल गाडीत करता येत नाही. कापाकापीचे काम काढण्यापूर्वी आर.टी.ओ. कार्यालयात आणि विमा कंपनीकडे विचारून घ्यावे. २०१९ च्या दुरुस्तीनंतर जादा भाराचा दंड २०,००० रुपये आणि वरच्या प्रत्येक टनाला २,००० रुपये आहे. पेटी मोठी बसवली म्हणून पुस्तकातले वजन वाढत नाही, आणि ब्रेकही वाढत नाहीत.

उताराचा नियम

ज्या गिअरमध्ये घाट चढतो त्याच गिअरमध्ये उतरावा, ही जुन्या ड्रायव्हरांची शिकवण. आबांची गाडी भरलेली असली की घाट दुसऱ्यात चढते. त्या दिवशी ती तिसऱ्यात उतरत होती, खेप लवकर व्हावी म्हणून. उतारावर गिअर हाच पहिला ब्रेक, पायाखालचा दुसरा. डिझेल वाचवायला न्यूट्रल करणारा माणूस दोन्ही सोडतो. आणि गिअर सुटणारी गाडी घाटात नेणे म्हणजे न्यूट्रलमध्येच नेणे. ट्यूबची पट्टी बांधून लिव्हर जागेवर राहील, आतला दात राहील याची खात्री नाही.

आबांनी काय केले

आबांनी मोठी पेटी घेतली नाही. आपलीच पेटी पूर्ण खोलून घेतली, क्राऊन-पिनियन ४१/६ चे टाकले, ब्रेक लायनर चारी चाकांना नवे घातले आणि ट्रेलरचेही तपासले. ट्रेलरवरच्या मोळ्यांचे दोन थर कमी केले. गाडी नऊ दिवस उभी राहिली. त्यांचा तोडलेला ऊस आम्ही दुसऱ्या वाहनाने उचलला. तो तीन दिवस वाळला होता, वजनात फटका बसला. तो फटका आमच्या 'चार खेपां'चा होता, हे आम्ही त्यांना सांगितले. ते एवढेच म्हणाले, "पोर वाचलं न्हवं? झालं तर मग."

त्या दिवसापासून आमच्या गटात एक पद्धत पाडली आहे. गिअर सुटतो, ब्रेक धरत नाही असे कुणी सांगितले की त्या गाडीला तोडीची चिठ्ठी नाही. ऊस दुसऱ्या वाहनाला जोडून देण्याची जबाबदारी आमची. आणि मोळ्यांवर माणूस बसलेला दिसला की गाडी तिथेच थांबवायची, मग ती कुणाचीही असो.

गळीत संपल्यावर गाड्या उभ्या असतात. पेटी उघडायची ती तेव्हा, हंगामात नव्हे. क्राऊनचे दात मोजून एका कागदावर लिहून ठेवा आणि गट कार्यालयात या. हिशेब आपण मिळून करू.



आपला,
ऊस विकास अधिकारी