टेलिफोनच्या पेटीतला निरोप्या

रांजणगाव एमआयडीसी शिरूर तालुक्यात, पुणे–अहिल्यानगर रस्त्यालगत; कुरकुंभ एमआयडीसी दौंड तालुक्यात, सोलापूर रस्त्यालगत. तिथे मोटारी आणि वॉशिंग मशीन, इथे रसायने आणि औषधे. कारखाना पाळ्यांत चालतो, ऑफिसला मात्र संध्याकाळी कुलूप लागते. चौफुल्याजवळ मालाचा ट्रक बंद पडला आणि ड्रायव्हरने रात्री अकराला स्टोअरला फोन लावला, तर उचलणार कोण? टेलिफोनचा सर्व्हर उचलतो. निरोप रेकॉर्ड करतो आणि स्टोअरकीपरला मेल धाडतो.

एकेकाळी हे काम बोर्डावरच्या ऑपरेटरचे होते. १९८४ मध्ये स्थापन झालेल्या सी-डॉटने उन्हाधुळीत, वातानुकूलनाशिवाय चालणारी १२८ पोर्टची छोटी एक्स्चेंजेस बनवली आणि देशी बनावटीचा टेलिफोन खेड्यांत नेला. १९९९ मध्ये मार्क स्पेन्सर या अमेरिकी तरुणाने ॲस्टेरिस्क हे मुक्त सॉफ्टवेअर लिहायला घेतले. त्यामुळे साधा कॉम्प्युटरही एक्स्चेंज होऊ शकला. एक्स्टेन्शन, कॉल ट्रान्सफर, व्हॉइसमेल सगळे त्यात आहे. नाही ते टपालखाते.

व्हॉइसमेलच्या फाइलीत प्रत्येक एक्स्टेन्शनपुढे पिन, नाव आणि मेलचा पत्ता लिहायचा असतो. निरोप आला की ॲस्टेरिस्क मेलचा मजकूर आणि आवाजाची फाइल शेजारच्या मेल प्रोग्रॅमच्या हाती देतो. हा प्रोग्रॅम बहुधा पोस्टफिक्स असतो. साध्या वेव्ह फाइलीत एका मिनिटाच्या निरोपाला सुमारे ९६० केबी लागतात, जीएसएम पद्धतीने दाबले तर जेमतेम शंभर. सर्व्हरचा टाइमझोन ‘एशिया/कोलकाता’ करायचा राहिला, तर रात्री अकराचा फोन मेलच्या मजकुरात साडेपाचचा दिसतो.

खरी अडचण पुढे आहे. पोस्टफिक्सने मेल थेट जगात सोडला, तर तो सहसा पोहोचत नाही. पंचवीस नंबरचे पोर्ट अनेक इंटरनेट कंपन्या बंद ठेवतात, आणि ब्रॉडबँडच्या बदलत्या आयपीवरून आलेल्या मेलला समोरचा सर्व्हर स्पॅम समजतो. म्हणून ‘रिलेहोस्ट’च्या ओळीत कंपनीच्या मेलसेवेचे नाव आणि ५८७ हे पोर्ट टाकायचे, टीएलएस सुरू करायचे, युजरनेम आणि पासवर्डाची वेगळी फाइल करून तिच्यावर ‘पोस्टमॅप’ चालवायचा. रिले जीमेलचा असेल, तर खात्याचा रोजचा पासवर्ड इथे चालत नाही. गूगलने व्यक्तिगत खात्यांसाठी ती वाट ३० मे २०२२ पासून बंद करायला घेतली. टू-स्टेप व्हेरिफिकेशन सुरू करून १६ अक्षरांचा ॲप पासवर्ड घ्यावा लागतो. फेब्रुवारी २०२४ पासून जीमेलवर मेल धाडणाऱ्या प्रत्येक डोमेनला एसपीएफ किंवा डीकेआयएमची नोंदही लागते. थोडक्यात, अनोळखी दारात जाताना ओळखीच्या माणसाची चिठ्ठी न्यायची.

एवढे झाले की टेस्ट मेल येतो आणि सेटिंग करणारा पुण्याची गाडी पकडतो. फसगत इथेच होते. ॲस्टेरिस्कच्या लॉगमध्ये ‘मेल पाठवला’ असे दिसते, पण त्याचा अर्थ मेल पोस्टफिक्सच्या हाती दिला, एवढाच. पोहोचला की नाही, ते मेललॉग सांगतो. तिथे समोरच्या सर्व्हरचे २५० हे उत्तर दिसले, म्हणजे निदान त्याने मेल स्वीकारला. सहा महिन्यांनी कोणी खात्याचा पासवर्ड बदलला, तर मेल रांगेत साचत जातात. पोस्टफिक्स साधारण पाच दिवस प्रयत्न करतो, मग मेल परत फिरवतो. पाठवणाऱ्याचा पत्ता नुसता नावापुरता असेल, तर परत आलेला मेल वाचायला कोणीच नसते. त्यात ‘मेल गेला की रेकॉर्डिंग पुसा’ हा पर्याय सुरू असेल, तर ड्रायव्हरचा निरोप सर्व्हरवरही नाही आणि मेलमध्येही नाही.

मेल आला नाही, म्हणजे फोन आला नाही, असे स्टोअरकीपर धरून चालतो. त्याचे तरी काय चुकले? बंद पडलेली सूचना आपण बंद पडल्याचे कळवू शकत नाही. म्हणून ही व्यवस्था लावणाऱ्याने तीन कामे करूनच उठावे: रेकॉर्डिंग पुसण्याचा पर्याय बंद, पाठवणाऱ्याचा पत्ता खराखुरा, आणि रोज सकाळी आठला ‘सर्व ठीक’ एवढाच मजकूर धाडणारी क्रॉनची एक ओळ. तो मेल ज्या दिवशी येणार नाही, त्या दिवशी आधी मेलची रांग तपासायची.