गुडघ्याचं लिगामेंट: मजबूत ग्राफ्ट म्हणजे भक्कम गुडघा?

कबड्डीत पाय रोवून अंग वळवलं किंवा उडीनंतर पाय वेडावाकडा टेकला, आतून ‘कट्’ असा आवाज आला आणि काही तासांत गुडघा टम्म सुजला, की एसीएल फाटल्याची शंका घ्यावी लागते. मांडीचं हाड आणि नडगी यांना गुडघ्याच्या आतून तिरकं बांधणारं हे लिगामेंट नडगीला पुढे सरकू देत नाही आणि वळताना गुडघा निसटू देत नाही. पूर्ण फाटलेलं एसीएल सहसा आपोआप नीट जुळत नाही. म्हणून खेळाडूंच्या आणि ज्यांचा गुडघा वारंवार निसटतो त्यांच्या गुडघ्यात दुर्बिणीच्या शस्त्रक्रियेने त्याच्या जागी कंडरा, म्हणजे स्नायूला हाडाशी जोडणारा पट्टा, बसवतात. हाच ग्राफ्ट. ‘डॉक्टर, सगळ्यात मजबूत ग्राफ्ट कोणता?’ हा घरच्यांचा प्रश्न रास्त आहे, पण गुडघ्याचं भवितव्य एवढ्यावर ठरत नाही.

गैरसमज १: स्वतःची कंडरा काढण्यापेक्षा कृत्रिम दोरा जास्त टिकेल.

वस्तुस्थिती: १९८०च्या दशकात कार्बन तंतू, डेक्रॉन, गोरटेक्स अशा पदार्थांचे ग्राफ्ट वापरून झाले. सुरुवातीला ते दणकट ठरले, पण गुडघा वाकताना हाडाच्या कडेवर घासून अनेकांचे धागे विसविशीत झाले, सुटलेल्या कणांनी सांध्याच्या अस्तराला सूज आणली. कृत्रिम धाग्यात पेशी नसतात, त्यामुळे झीज भरून निघत नाही.

याउलट लिगामेंट आणि कंडरा दोन्ही मुख्यतः कोलॅजन या प्रथिनाची बनलेली असतात. त्याची रचना उलगडण्याचं मोठं काम चेन्नईत झालं. १९५२मध्ये मद्रासला आलेले ब्रिटिश शास्त्रज्ञ जे. डी. बर्नाल यांनी मद्रास विद्यापीठातले जी. एन. रामचंद्रन यांचं लक्ष या न सुटलेल्या कोड्याकडे वेधलं. रामचंद्रन आणि गोपीनाथ कर्था यांनी कांगारूच्या शेपटीतल्या कंडरेची क्ष-किरण चित्रं अभ्यासली आणि कोलॅजनचा रेणू तीन साखळ्यांचा असल्याचं १९५४मध्ये ‘नेचर’मध्ये मांडलं. असे असंख्य रेणू एकत्र येऊन झालेले तंतू स्वस्थ असताना किंचित नागमोडी असतात. थोडा ताण आला की सरळ होतात आणि मगच घट्ट धरतात. शिवाय भोवतीच्या पेशी ते सतत नव्याने घडवत राहतात. म्हणूनच आजही बहुतेक वेळा रुग्णाची स्वतःची कंडरा ही पहिली पसंती असते.

गैरसमज २: प्रयोगशाळेत ज्याचा आकडा मोठा, तो ग्राफ्ट सर्वांत चांगला.

वस्तुस्थिती: तरुण माणसाचं मूळ एसीएल प्रयोगशाळेत ओढून तोडायला सुमारे २१६० न्यूटन, म्हणजे साधारण २२० किलो वजनाइतकं बल लागतं. गुडघ्याच्या वाटीखालच्या कंडरेची १० मिलिमीटर रुंद पट्टी सुमारे २९७७ न्यूटनपर्यंत टिकते, मांडीच्या पुढच्या स्नायूची म्हणजे क्वाड्रिसेप्सची कंडरा सुमारे २३५२ आणि मांडीमागच्या हॅमस्ट्रिंगची चौपदरी कंडरा तर सुमारे ४०९०. कागदावर तिन्ही मूळ लिगामेंटपेक्षा सरस आहेत.

आता शस्त्रक्रियेच्या टेबलावर काय होतं ते पाहा. मांडीमागून नडगीवर उतरणाऱ्या हॅमस्ट्रिंगच्या दोन लांब, बारीक कंडरा नडगीच्या वरच्या भागातल्या छोट्याशा छेदातून ओढून काढतात. त्यांना चिकटलेलं मांस खरवडतात, दुमडून चार पदर करतात, टोकं टाक्यांनी गुंफतात आणि मोजपट्टीच्या भोकांतून ओढून जाडी पाहतात. ४०९० हा आकडा चारही पदरांवर सारखा ताण असेल तरच खरा. एखादा पदर सैल राहिला की भार उरलेल्यांवर पडतो. जाडी ८ मिलिमीटरपेक्षा कमी भरली, तर विशेषतः तरुणांमध्ये ग्राफ्ट पुन्हा तुटण्याचं प्रमाण वाढलेलं दिसलं आहे. बारीक चणीच्या मुलींमध्ये हा प्रश्न नेहमी येतो.

गैरसमज ३: ग्राफ्ट बसला की तो पक्का झाला.

वस्तुस्थिती: सुरुवातीच्या आठवड्यांत सर्वांत कच्चा दुवा असतो तो ग्राफ्टला हाडात धरून ठेवणारा स्क्रू किंवा धातूचं बटण. बऱ्याच पकडी १००० न्यूटनच्या आसपास किंवा त्याआधीच सरकू लागतात. वाटीखालच्या पट्टीच्या दोन्ही टोकांना हाडाचे तुकडे असतात. हाड हाडाशी साधारण ६ ते ८ आठवड्यांत जुळतं. हॅमस्ट्रिंगला हाडात कोरलेल्या बोगद्यात रुजायला साधारण ८ ते १२ आठवडे लागतात. मधल्या काळात गुडघा किती वाकवायचा, किती भार द्यायचा, हे फिजिओथेरपिस्ट ठरवतात ते याच हिशेबाने.

गैरसमज ४: ग्राफ्ट दणकट असला की जागा थोडी इकडेतिकडे झाली तरी चालते.

वस्तुस्थिती: जागा चुकली तर उत्तम ग्राफ्टही वाया जातो. मूळ एसीएल तिरकं असतं. पूर्वीच्या एका पद्धतीत मांडीच्या हाडातला बोगदा बऱ्याचदा जास्त वर जाई आणि ग्राफ्ट उभट बसे. असा ग्राफ्ट नडगीचं पुढे सरकणं रोखतो, पण वळताना होणारी निसट रोखायला कमी पडतो. जिना नीट चढता येतो, पण मैदानात दिशा बदलली की गुडघा दगा देतो. धोका जास्त असलेल्या तरुण खेळाडूंमध्ये गुडघ्याच्या बाहेरच्या बाजूने एक जादा आधारपट्टी घालतात. २०२०मध्ये प्रसिद्ध झालेल्या ६१८ तरुण रुग्णांच्या चाचणीत अशा पट्टीमुळे हॅमस्ट्रिंग ग्राफ्ट तुटण्याचं दोन वर्षांतलं प्रमाण ११ टक्क्यांवरून ४ टक्क्यांवर आलं.

गैरसमज ५: कंडरा कुठूनही काढा, फरक पडत नाही.

वस्तुस्थिती: प्रत्येक ग्राफ्टची किंमत शरीर कुठे ना कुठे मोजतं. वाटीखालची पट्टी काढली तर काहींना गुडघे टेकताना दुखतं. जमिनीवर बसून काम करणाऱ्या, नमाज पढणाऱ्या किंवा वज्रासनात बसणाऱ्या माणसाला हे रोज जाणवतं. हॅमस्ट्रिंग नडगीला मागे खेचून एसीएलला मदत करतात. त्या काढल्या की पाय खोलवर दुमडण्याची ताकद काहीशी घटते, आणि धावपटूला ही घट जड जाते. पुष्कळांमध्ये काढलेली कंडरा बऱ्याच अंशी पुन्हा वाढते, पण पहिल्यासारखी होतेच असं नाही. मृत दात्याच्या कंडरेत हा त्रास नसतो, मात्र तरुण खेळाडूंमध्ये ती तुटण्याचं प्रमाण जास्त आढळलं आहे.

गैरसमज ६: दुखणं थांबलं की मैदानावर उतरायला हरकत नाही.

वस्तुस्थिती: सर्वांत जास्त घात करतो तो हा समज. बसवलेल्या कंडरेतल्या मूळ पेशी आधी मरतात. मग नव्या रक्तवाहिन्या आणि पेशी शिरून तंतू नव्याने रचतात. या फेरबांधणीत ग्राफ्ट काही काळ बसवला त्या दिवसापेक्षा कमकुवत असतो, आणि नेमकी तेव्हाच सूज उतरून रुग्णाला बरं वाटू लागतं. २०१६मध्ये प्रसिद्ध झालेल्या नॉर्वेतल्या अभ्यासात, शस्त्रक्रियेनंतर ९ महिन्यांपर्यंत खेळात परतणं लांबवलेल्या दर महिन्यामागे पुन्हा दुखापतीचं प्रमाण सुमारे निम्म्याने कमी झालं. ऋषभ पंतच्या गुडघ्याच्या लिगामेंट्सवर जानेवारी २०२३मध्ये मुंबईत शस्त्रक्रिया झाली. तो स्पर्धात्मक क्रिकेटमध्ये परतला मार्च २०२४मध्ये.

कॅलेंडरइतकीच चाचणीही महत्त्वाची. चेन्नईतल्या पोरूरच्या श्री रामचंद्र संस्थेत गोलंदाजांच्या शैलीची आयसीसीमान्य तपासणी कॅमेऱ्यांनी हालचाल मोजून होते. तेच जैवयांत्रिकीचं शास्त्र गुडघ्यालाही लागू पडतं. उडीनंतर गुडघा आत झुकतो का, दोन्ही पायांवर भार सारखा पडतो का, एका पायावरची उडी दुसऱ्या पायाइतकी लांब जाते का, हे मोजल्याशिवाय खेळाची परवानगी देऊ नये.

तेव्हा सर्जनना विचारायचे प्रश्न हे: माझ्या वयाला, खेळाला आणि रोजच्या कामाला कोणता ग्राफ्ट योग्य, आणि तो काढल्याने मला काय गमवावं लागेल? जाडी कमी भरली तर काय कराल? आधारपट्टीची गरज आहे का? मैदानात परतण्याआधी कोणत्या चाचण्या घ्याल? ज्या ग्राफ्टवर तुमच्या सर्जनचा हात बसलेला आहे आणि ज्याला तुम्ही नियमित व्यायामाचे पुरते महिने द्यायला तयार आहात, तोच तुमच्यासाठी मजबूत ठरण्याची शक्यता सर्वांत जास्त.