सावलीवरून तारीख, डोंगरावरून गाव

जुलै २०१८मध्ये एक व्हिडिओ समाजमाध्यमांवर फिरू लागला. लष्करी वेषातली माणसं दोन बायका आणि दोन लहान मुलांना कच्च्या रस्त्याने चालवत नेतात आणि गोळ्या घालतात. गाव कोणतं, तारीख कोणती, जवान कुठल्या सैन्याचे, काहीच कळायला मार्ग नव्हता. आफ्रिकेतल्या कॅमेरूनकडे बोट दाखवलं गेलं, तेव्हा तिथल्या सरकारने ही खोटी बातमी आहे म्हणून हात झटकले.

'बीबीसी आफ्रिका आय'च्या चमूने ॲम्नेस्टी इंटरनॅशनल व बेलिंगकॅट या संस्थांना आणि काही स्वतंत्र शोधकांना सोबत घेऊन याचा छडा लावला. सुरुवात झाली मागे दिसणाऱ्या डोंगररांगेपासून. तिची शिखरं आणि खिंडी गूगल अर्थवरच्या भूरूपाशी ताडून पाहिल्या, तेव्हा त्या कॅमेरूनच्या उत्तर टोकाला, झेलेवेत गावाजवळ तंतोतंत जुळल्या. मग जुनी उपग्रहचित्रं काढली. व्हिडिओतली घरं कोणत्या चित्रात आहेत, कोणत्यात नाहीत, हे पाहत काळाची चौकट आवळत नेली. एक पायवाट तर फक्त कोरड्या हंगामात, जानेवारी ते एप्रिलमध्येच उमटत होती. शेवटी सावल्या मोजल्या. जागा ठाऊक असली, की सावलीच्या दिशेवरून आणि उंचीशी असलेल्या तिच्या प्रमाणावरून सूर्याची स्थिती काढता येते. उत्तर आलं: २० मार्च ते ५ एप्रिल २०१५. बंदुकीचा प्रकार आणि गणवेश यांचीही अशीच उलटतपासणी झाली. सप्टेंबर २०१८मध्ये हा शोध प्रसिद्ध झाला. त्याच्या आधीच, ऑगस्टमध्ये, सरकारने भूमिका बदलून सात जवानांना अटक केल्याचं जाहीर केलं होतं. २०२०मध्ये लष्करी न्यायालयाने त्यांतल्या चौघांना दहा वर्षांची शिक्षा सुनावली.

सर्वांना खुल्या असलेल्या माहितीतून सत्य शोधण्याच्या या पद्धतीला 'ओसिंट' म्हणतात. यातली बरीचशी साधनं फुकट आहेत. गूगल अर्थ प्रो जुनी उपग्रहचित्रं दाखवतं, सनकॅल्क सूर्याची दिशा सांगतं. युरोपच्या सेंटिनेल-२ उपग्रहांची चित्रं साधारण दर पाच दिवसांनी मिळतात. त्यांत दहा मीटरपर्यंतचा तपशील दिसतो. म्हणजे धरणाचं पाणी किंवा जळालेलं रान दिसेल, माणूस दिसणार नाही. नासाची फर्म्स ही यंत्रणा आगीच्या जागा दाखवते, तर पुसलेलं पान वेबॅक मशीनमध्ये सापडू शकतं. पण साधनांचा भरवसा धरता येत नाही. फेसबुकवर काय पसरतंय ते दाखवणारं क्राउडटँगल हे साधन फेसबुकच्याच मेटा कंपनीने ऑगस्ट २०२४मध्ये बंद केलं. म्हणून जाणती मंडळी व्हिडिओ दिसला की आधी मूळ प्रत आणि दुवा जपून ठेवतात. असा पुरावा न्यायालयात टिकावा म्हणून बर्कली विद्यापीठाचं मानवाधिकार केंद्र आणि संयुक्त राष्ट्रांचं मानवाधिकार कार्यालय यांनी २०२०मध्ये 'बर्कली प्रोटोकॉल' ही नियमावली आणली.

नियम हवेतच, कारण उतावळेपणा अंगाशी येतो. २०१३च्या बोस्टन बॉम्बस्फोटानंतर हौशी शोधकांनी छायाचित्रं जुळवत एका निरपराध विद्यार्थ्यालाच संशयित ठरवलं होतं. कॅमेरूनच्या शोधाचं बळ नेमकं उलट होतं: प्रत्येक पायरी उघड मांडलेली, त्यामुळे शंका असणाऱ्याने स्वतः डोंगर जुळवून पाहावा.

आपल्याकडे या तपासणीची निकड १ जुलै २०१८ला दिसली. धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात मुलं पळवणारी टोळी आल्याच्या अफवेवरून नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच जणांना जमावाने ठार मारलं. त्या काळात देशभर फिरणारा मूल पळवण्याचा एक व्हिडिओ प्रत्यक्षात कराचीतल्या जनजागृतीपटाचा तुकडा होता. मूल परत आणून सोडल्याचा शेवट त्यातून कापलेला होता. असा व्हिडिओ आला की तो मध्येच थांबवावा, त्या दृश्याचा स्क्रीनशॉट गूगल लेन्स किंवा टिनआयला द्यावा आणि तो आधी कुठे, कधी आला होता ते पाहावं. दोन मिनिटांचं काम आहे. उत्तर सापडलं तर दुव्यासकट ग्रुपवर टाकावं. नाही सापडलं, तर 'खात्री झाली नाही' एवढंच लिहावं आणि व्हिडिओ पुढे ढकलू नये.